चौदा तिकिटं

बाहेर उणे सत्तावीस.
सुपीरियर सरोवर नजर जाईल तिथवर गोठलेलं.
ऐंशी खुर्च्यांच्या आमच्या थिएटरात
तिकिटं मी फाडते, लाह्या मीच फोडते,
आणि अंधार झाला की मागच्या दाराशी उभी राहून
पाठमोरी डोकी मोजते.
चौदा. त्यातलं एक झोपलेलं.

सिनेमा इथलाच, थंडर बे मधला,
मागच्या उन्हाळ्यात रेल्वे यार्डामागच्या
भाड्याच्या घरात अठरा दिवसांत उरकलेला.
बाप गेलाय. तीन मुलं जमलीत.
आणि बेसिनपाशी, पेल्यात, त्याची कवळी.
टाकवत नाही. ठेववत नाही.
थोरली म्हणते पुरू या,
मधला म्हणतो जमीन गोठलीय, एप्रिलपर्यंत थांब,
धाकटा दातांच्या दवाखान्यात फोन लावतो
तर तिथली बाई विचारते,
"पेशंटला पुढची तारीख कोणती देऊ?"

इथे पाचव्या रांगेतून पहिलं हसू सुटलं.
मग इकडून तिकडून, दबकत,
मयताच्या घरी कुणाचं तरी पोट गुरगुरावं तसं.

पैसे नव्हते हे लपत नव्हतं.
एकच पिवळा दिवा: स्वयंपाकघरात तो,
जिन्यात तो, दवाखान्यातही तोच.
पेल्यातलं पाणी आत्ता काठोकाठ, क्षणात अर्धं.
आणि वरून, तीनदा, माइक डोकावला
आपल्या केसाळ टोपीसकट.

खेळ सुटल्यावर लोक लगेच बोलत नाहीत इथे.
बाकावर बसून बुटांच्या नाड्या बांधताना बोलतात,
मान खाली घालून.

आठ वर्षांची पोर म्हणाली,
"त्यांचं मांजर छतावर का राहतं?"

कॉलेजातला मुलगा म्हणाला, शेवट ढिला पडलाय.
नाडी सुटलेलीच ठेवून गेला.

लेमीएनं नवऱ्याला म्हटलं, थोरली अगदी तुझी बहीण.
तो म्हणाला, नाही, अगदी तू.
गाडी तापेपर्यंत दोघं आतच भांडली,
काचांवर वाफ धरली,
बराच वेळ गाडी हलली नाही.

राइली हक्काराइनेन, निवृत्त नर्स,
काठी टेकत माझ्यापाशी आली.
"मेलेल्या बापाची छाती हलत होती," म्हणाली.
"चादरीखाली. मी नीट पाहिलं."
मी म्हटलं, होय, नवशिके आहेत, चुकलं असेल.
"चुकू दे की," म्हणाली.
"चाळीस वर्षं मी उलटंच बघत आले."

आणि ओरेस्ट डॅनिलचुक,
धान्याच्या कोठारांवर उमेद घालवलेला माणूस,
तो अर्ध्यातच उठला होता.
धाकटा बापाची कवळी स्वतःच्या तोंडात घालून
बापाच्या आवाजात भावंडांना रागावतो,
आणि सगळं थिएटर हसत असताना.
खिडकीशी येऊन म्हणाला,
"पोस्टरवर विनोदी लिहिलंय. माझे बारा डॉलर."
मी दिले. वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी तो हातमोजा शोधायला आला.
सापडला, सातव्या रांगेखाली, लाह्यांत.
घातला, काढला, पुन्हा घातला.
"शेवटी काय करतात त्या कवळीचं?"

काही नाही, मी म्हटलं.
भावंडं आपापल्या गावी जातात.
थोरली पेल्यातलं पाणी बदलते.
दिवा बंद.

"रोज बदलते?"

सिनेमात एकदाच दाखवलंय.

तो दारात उभा राहिला, थंडी आत येत राहिली,
मला म्हणवेना की दार लावा.
"आमच्याकडे चष्मा आहे," तो म्हणाला.
"पुसतो मी. शुक्रवारी."

त्या रात्रीच्या खेळाला नऊ तिकिटं गेली.
त्यात त्याचं नव्हतं.
माइक आला तेव्हा कुणीच हसलं नाही,
मीच हसले,
मागच्या दाराशी, झाडू हातात धरून,
आणि दोनतीन डोकी वळून बघायला लागली.